नाका दिसला नाही, तरी मैल मोजले जातात

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत एडिसनजवळ राहतो. माझ्या नवऱ्याने आयटीतली नोकरी सोडून मोठ्या दिरांबरोबर ट्रकचा धंदा सुरू केला, त्याला तीन वर्षं होतील. दोन ट्रॅक्टर-ट्रेलर आमचे आहेत. तिसरा एका मालक-ड्रायव्हरचा, पण चालतो आमच्या कंपनीच्या नंबरवर. एलिझाबेथ बंदरातून माल उचलायचा आणि मॅसॅच्युसेट्समध्ये वूस्टरकडे पोचवायचा, हे आमचं मुख्य काम. म्हणजे आठवड्यातून दोन-तीन वेळा कनेक्टिकट आडवं पार करावंच लागतं. कागदपत्रं मी बघते. इंधन कराचं, म्हणजे सगळ्या राज्यांचा हिशेब एकत्र भरायच्या इफ्टा कराराचं, रिटर्न मी आजवर एकदाही चुकवलेलं नाही.

गेल्या महिन्यात कनेक्टिकटच्या महसूल खात्याचं पत्र आलं. तुमच्या गाड्या आमच्या राज्यात चालतात, पण हायवे यूज फीसाठी तुमची नोंदणी नाही, असं त्यात लिहिलंय. मला ही फी ठाऊकच नव्हती. नवरा म्हणतो, डिझेलवर कर भरतोच ना, मग मैलामागे परत कसले पैसे? दीर म्हणतात, नोंदणी करून टाक आणि मागच्या सगळ्या तिमाह्यांना शून्य मैल लिही, तिथे नाकाच नाही तर बघतंय कोण. एलएलसीच्या, म्हणजे आमच्या कंपनीच्या, कागदांवर सही माझी आहे. रात्री झोप लागत नाही. त्यात आता केंटकीचं काम मिळायच्या बेतात आहे. काय करू?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

सगळ्यात आधी एवढंच सांगते: शून्य लिहू नका. दिरांचा मान राखा, पण ही सही करू नका.

भीती घालायला म्हणत नाही. तुम्हीच लिहिलंय की इफ्टाचं रिटर्न तुम्ही दर तिमाहीला वेळेवर भरता. त्या रिटर्नमध्ये प्रत्येक राज्यासमोर तुमच्या गाड्या तिथे किती मैल चालल्या हे लिहिलेलं असतं. तुम्ही ते न्यू जर्सीला भरता, पण न्यू जर्सी ती माहिती आणि तो हिशेब संबंधित राज्यांना पाठवते. इफ्टाची सगळी व्यवस्थाच त्यावर उभी आहे. म्हणजे तुमच्या गाड्या कनेक्टिकटमध्ये किती धावल्या हे तुम्हीच, तुमच्याच सहीने, त्यांना आधीच कळवलेलं आहे. आता दुसऱ्या कागदावर त्याच महिन्यांसाठी शून्य लिहिलंत, तर एकाच खात्याच्या टेबलावर तुमचे दोन कागद एकमेकांना खोटं पाडत पडतील. आज तुमच्या हातून झालं आहे ते अज्ञान आहे. शून्य लिहिल्यावर ते अज्ञान राहणार नाही.

आपल्याला नाक्याची सवय आहे, हे मी समजू शकते. माझे वडील कोल्हापूरहून गुळाचा ट्रक घेऊन कर्नाटकात जायचे. कागलच्या नाक्यावर गाडी थांबली की कागद दाखवायचे, पैसे द्यायचे, पावती टपावरच्या पिशवीत कोंबायची आणि पुढे निघायचं. जिथे कोणी अडवलं नाही तिथे काही देणं नाही, हे गणित तेव्हा बरोबर होतं. इथे उलट आहे. कनेक्टिकटमध्ये पूर्वी टोल होते. १९ जानेवारी १९८३ ला स्ट्रॅटफर्डच्या टोल नाक्यावर एक ट्रक थांबलेल्या गाड्यांवर आदळला आणि सात माणसं गेली. त्यानंतर काही वर्षांत राज्यातले सगळे टोल निघाले. अलीकडे ट्रकवर टोल लावायचा प्रयत्न झाला, तोही राजकारणात अडला. मग २०२१ मध्ये राज्याने कायदा करून मैलामागे फी आणली आणि १ जानेवारी २०२३ पासून ती लागू झाली. नाका नाही, कॅमेरा नाही, पावती फाडणारा माणूस नाही. किती चाललात हे तुम्ही स्वतः मोजायचं आणि स्वतः सांगायचं.

आता तुमच्या नवऱ्याच्या प्रश्नाकडे येते, कारण तो प्रश्न रास्त आहे आणि 'कायदा आहे म्हणून भरा' हे उत्तर त्याला पुरणार नाही. डिझेलवरचा कर गॅलनवर असतो, वजनावर नाही. फेडरल डिझेल कर गॅलनला २४.४ सेंट आहे आणि १९९३ पासून जवळपास तिथेच आहे. रस्ता मात्र गॅलनने झिजत नाही, आसावर पडणाऱ्या भाराने झिजतो. १९५८ ते १९६० मध्ये इलिनॉयमधल्या ओटावाजवळ मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर दोन वर्षं ट्रक फिरवून हे मोजलं गेलं. आसावरचा भार दुप्पट झाला की झीज दुप्पट होत नाही, साधारण सोळा पट होते, असं त्यातून निघालं. जड गाड्यांकडून वेगळे पैसे घेण्यामागे हा विचार आहे. तरी दुखणं खरं आहे, ते मी नाकारणार नाही. ओरेगॉनमध्ये २६,००० पौंडांवरच्या ट्रकला वजन-मैल कर लागतो, पण त्या बदल्यात त्याच गाडीला राज्याचा डिझेल कर माफ असतो. कनेक्टिकटने तशी सूट दिलेली नाही. तिथे दोन्ही भरावे लागतात. नवऱ्याला याचा राग येत असेल तर तो राग बरोबर आहे. तो भाड्याच्या दरात काढा, रिटर्नमध्ये नको.

आकडा डोळ्यांसमोर आला की भीती निम्मी होते, म्हणून हिशेब करून दाखवते. ही फी २६,००० पौंड किंवा जास्त वजनाच्या आणि फेडरल वर्गीकरणात ८ ते १३ या वर्गांत बसणाऱ्या गाड्यांना लागते. सोप्या भाषेत, ट्रेलर ओढणाऱ्या गाड्यांना. (दीर उद्या एकसंध बॉक्स ट्रक घ्यायचं म्हणाले, तर तो यात येत नाही.) दर वजनाप्रमाणे चढतो: सगळ्यात खाली मैलाला २.५ सेंट, ७८,००१ ते ८०,००० पौंडांना १० सेंट, आणि ८०,००० च्या वर गेलात की एकदम १७.५ सेंट. तुमच्या पाच आसांच्या गाड्या ८०,००० वर नोंदलेल्या असणार, म्हणजे १० सेंट. न्यूयॉर्कच्या हद्दीवरच्या डॅनबरीपासून मॅसॅच्युसेट्सच्या हद्दीपर्यंत आय-८४ हा हायवे साधारण ९८ मैल आहे. एका बाजूचे ९ डॉलर ८० सेंट, जाऊन-येऊन १९ डॉलर ६० सेंट. आठवड्याला तीन फेऱ्या धरल्या तर तेरा आठवड्यांच्या तिमाहीत एका गाडीचे सुमारे ७६४ डॉलर होतात. परतीची गाडी रिकामी होती म्हणून ते मैल वगळायचे नाहीत, रिकामी फेरीही मोजतात. रक्कम लहान नाही, पण धंदा बुडवणारीही नाही. त्यावरचा दंड आणि व्याज मात्र बसून राहिलात तर वाढत राहील.

तर आता कामाला लागू या. कनेक्टिकटच्या महसूल खात्याचं ऑनलाइन पोर्टल आहे, मायकनेक्ट. तिथे आधी नोंदणी करा आणि परमिट आलं की त्याची प्रत तिन्ही गाड्यांच्या कॅबमध्ये ठेवा. पहिल्या वर्षी हे रिटर्न दरमहा होतं, नंतर तिमाही झालं. तुम्ही मागचं भरणार आहात, म्हणून कोणत्या काळासाठी कोणतं, हे पोर्टल जसं मागेल तसंच भरा. मैल कुठून काढायचे? इफ्टाच्या तुमच्या जुन्या रिटर्नमधून कनेक्टिकटची ओळ उचला. तो तुमचा सांगाडा. मग प्रत्येक फेरीचा पुरावा त्याला जोडा: लोडची बिलं, डिझेलच्या पावत्या, ईएलडीचा (ड्रायव्हरचे तास आणि गाडीची हालचाल नोंदवणाऱ्या यंत्राचा) डेटा. इफ्टात आणि या फीत कनेक्टिकटचे मैल जुळले पाहिजेत. जुळत नसतील तर का जुळत नाहीत, ते एका कागदावर लिहून फाइलला लावा.

ईएलडीचं ऐका, हे सगळ्यात तातडीचं आहे. कायद्याने ड्रायव्हरच्या तासांच्या नोंदी सहा महिनेच ठेवाव्या लागतात. इफ्टा मात्र चार वर्षांच्या नोंदी मागतं. तुम्ही समजता की यंत्रात सगळं आहे, आणि पुरवठादार जुनं पुसत पुढे जातो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे हिशेबाला असलेल्या एका मालकाने ईएलडीची कंपनी बदलली, जुन्या कंपनीची वर्गणी बंद केली आणि त्याच रात्री अकरा महिन्यांचा डेटा गेला. आम्ही दोघं त्याच्या स्वयंपाकघरात बसून डिझेलच्या थर्मल पावत्या खिडकीच्या उजेडात धरत होतो. अर्ध्यांवरची शाई उडाली होती. ऑडिटमध्ये नोंदी अपुऱ्या पडल्या की गॅलनला ४ मैलच धरायचे किंवा तुमची सरासरी २० टक्क्यांनी खाली आणायची, अशी मुभा ऑडिटरला असते, म्हणजे डिझेल जास्त जळलं असं धरून कर वाढतो. त्या माणसाचे ट्रक खरोखर गॅलनला साडेसहा मैल देत होते. चोरी एक पैशाची नव्हती, तरी त्याने पैसे भरले. म्हणून आज, हे वाचून झाल्यावर, आधी डेटा उतरवून घ्या. नोंदणी उद्या केली तरी चालेल.

आणि पुढच्या फेरीपासून ड्रायव्हरकडून हायवेचे नंबर आणि ओडोमीटरचे (मैल मोजणाऱ्या काट्याचे) आकडे असलेली अशी ओळ लिहून घ्या. यंत्र असलं तरी घ्या, माझा आग्रह आहे:

३ मार्च, गाडी २, एलिझाबेथ ते वूस्टर, २८७–६८४–८४, भरलेली. निघताना ४,१२,३१२. डॅनबरी हद्द ४,१२,३९१. मॅसॅच्युसेट्स हद्द ४,१२,४८९.

दोन आकड्यांची वजाबाकी केली की कनेक्टिकटचे ९८ मैल हातात. ड्रायव्हरला यासाठी गाडी थांबवायची नाही. हद्दीजवळच्या पुढच्या थांब्यावर लिहिलं तरी चालतं, कारण ईएलडी ताडून बघायला आहेच. चालत्या गाडीत कोणी पेन हातात घेऊ नये.

तुमच्या मार्गावर एक मजेशीर जागा आहे, ती ठाऊक असू द्या. न्यूयॉर्कमधला आय-६८४ उत्तरेला जाताना ग्रीनिचच्या कोपऱ्यातून सुमारे दीड मैल कनेक्टिकटमध्ये शिरतो आणि परत न्यूयॉर्कमध्ये येतो. तिथे उतरायला एकही रस्ता नाही. ईएलडीचा राज्यवार अहवाल काढलात की न्यूयॉर्कच्या वेस्टचेस्टर काउंटीच्या मध्येच कनेक्टिकटची एक चिमुकली नोंद दिसेल. ती चूक समजून पुसू नका. ती खरी आहे.

न्यूयॉर्कचा विषय निघालाच आहे तर विचारते: तिथलं तुमचं काय चाललंय? पत्रात उल्लेख नाही, म्हणून मला जास्त काळजी वाटते. न्यूयॉर्कचा हायवे यूज टॅक्स १९५१ पासून आहे, आणि १८,००० पौंडांवरच्या गाड्यांना लागतो. प्रत्येक गाडीची वेगळी नोंदणी आणि स्टिकर लागतं, त्यामुळे कदाचित ड्रायव्हरने किंवा गाडी विकणाऱ्याने तुम्हाला सांगितलं असेल. नसेल सांगितलं, तर कनेक्टिकटबरोबर हेही लगेच हाती घ्या. तिथून अजून नोटीस आलेली नसेल, तर तीच तुमची जमेची बाजू आहे. राज्याने शोधण्याआधी आपण होऊन पुढे आलेल्यांसाठी न्यूयॉर्कमध्ये वेगळी योजना असते, आणि पत्र पडल्यावर सहसा ते दार बंद होतं. इथे एखादा ट्रकचा हिशेब जाणणारा सीपीए, म्हणजे परवानाधारक हिशेबनीस, गाठा. कनेक्टिकटसाठी तुम्ही स्वतः पुरे आहात, पण दोन राज्यांची जुनी थकबाकी एकट्याने सोडवू नका.

न्यूयॉर्कमध्ये दोन गोष्टी वेगळ्या आहेत. थ्रूवे या तिथल्या टोलच्या महामार्गाच्या टोल भरलेल्या पट्ट्यावरचे मैल या करातून वजा होतात, म्हणून ते वेगळे लिहावे लागतात. नाहीतर टोलही भराल आणि करही. आणि एकूण वजनाच्या पद्धतीने भरत असाल तर भरलेल्या आणि रिकाम्या मैलांचे दर वेगळे आहेत. म्हणूनच वरच्या ओळीत मी 'भरलेली' हा शब्द लिहायला सांगितला. बहुतेकांचं रिटर्न तिमाही असतं: ३० एप्रिल, ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी. एखाद्या तिमाहीत न्यूयॉर्कमध्ये गाडी गेलीच नाही, तरी रिटर्न भरायचं. हा शून्य खरा असतो, आणि खरा शून्य लिहायला मी कधीच मना करणार नाही.

तिसऱ्या गाडीचं काय? मालक-ड्रायव्हर म्हणेल, गाडी माझी आहे, माझं मी बघतो. पण ती तुमच्या ऑथॉरिटीवर (वाहतुकीच्या परवान्यावर), तुमच्या डॉट नंबरवर (फेडरल वाहतूक खात्याच्या नोंदणी क्रमांकावर) चालते. फेडरल भाडेकराराच्या नियमांप्रमाणे त्या काळात गाडीचा ताबा आणि जबाबदारी तुमच्या कंपनीकडे असते. राज्याच्या नजरेत चालवणारे तुम्ही आहात. तिचे मैल तुमच्या रिटर्नमध्ये धरा. फी त्याच्या हिशेबातून कापायची असेल तर ते लीजमध्ये लिहिलेलं असायला हवं. लीज काढून बघा. नसेल लिहिलेलं, तर मागची रक्कम त्याच्या पैशांतून गुपचूप कापू नका. तोही कुणाच्या तरी घरचा कर्ता माणूस आहे, त्याला समोर बसवून आकडे दाखवा आणि पुढच्यासाठी करार दुरुस्त करा.

आता केंटकी. काम घ्या, पण गाडी हद्दीत शिरण्याआधी केवाययू नंबर, म्हणजे तिथल्या वजन-मैल कराचा नोंदणी क्रमांक, घ्या. परवानगीचं वजन ५९,९९९ पौंडांच्या वर असेल तर तिथे मैलाला २.८५ सेंट लागतात, रिटर्न तिमाही. तुमची गाडी ८०,००० ची आहे, त्यामुळे प्रश्नच नाही. दर कमी आहे, म्हणून लोक विसरतात, आणि वजनकाट्यावर गाडी थांबते तेव्हा आठवतं. कधी आणखी पश्चिमेला न्यू मेक्सिकोचं लोड आलं तर तिथलं परमिटही वेगळं आहे. मी ज्यांचे हिशेब बघते त्यांना एकच सवय लावली आहे: नवीन राज्याचं लोड घेताना आधी फोन, मग होकार. लोड मिळवून देणाऱ्या ब्रोकरला पाच मिनिटं थांबवता येतं.

भाव सांगतानाही हे मैल धरायला शिका. बंदर ते वूस्टरच्या एका फेरीत कनेक्टिकटचे जवळजवळ वीस डॉलर आहेत, हे तुमच्या नवऱ्याला आता कळलं. पुढचा दर ठरवताना टोल आणि डिझेलच्या शेजारी ती ओळ लिहून ठेवायला सांगा. त्यांचा दुहेरी कराचा राग कामी लागायची ती एकमेव जागा आहे.

दिरांशी बोलणं अवघड जाईल, हे पत्रातूनच जाणवतं. घरातल्या सुनेने धंद्यात 'नाही' म्हणणं आपल्याकडे सोपं नसतं, अमेरिकेत आल्याने ते बदलत नाही. तुम्ही भांडू नका. इफ्टाची मागची चार रिटर्न्स छापून काढा, प्रत्येकात कनेक्टिकटच्या ओळीवर पिवळी खूण करा, आणि जेवणं झाली की टेबलावर ठेवा. म्हणा, 'भाऊजी, हे आपणच त्यांना कळवलंय. आता मी शून्य कसं लिहू?' त्यांनी तीस-चाळीस वर्षं व्यवहार बघितला असेल तर त्यांना पुढचं सांगावं लागणार नाही. आणि तरीही ते अडून बसले, तर एलएलसीच्या कागदांवरून तुमचं नाव काढायला सांगा. सही ज्याची, जबाबदारी त्याची. ज्यांना शून्य लिहायचंय त्यांनीच मग लिहावं. बहुतेक तिथेच विषय मिटतो.

नोटिशीला उत्तर द्यायची मुदत तिच्यावरच छापलेली असेल, ती आत्ता बघून कॅलेंडरवर लिहा. नोंदणी करून, मागची सगळी रिटर्न्स खऱ्या मैलांनी भरून, सोबत साधं पत्र जोडा. फी लागू आहे हे आम्हाला माहीत नव्हतं, पत्र मिळताच आम्ही सगळं भरलं आहे, इफ्टा आम्ही नेहमी वेळेवर भरत आलो आहोत, दंड माफ करावा ही विनंती. व्याज सहसा माफ होत नाही, दंडाचं मात्र मागितल्याशिवाय कळत नाही. एकरकमी जमत नसेल तर त्याच पत्रात हप्ते मागा. पानाच्या वर नोटिशीवरचा केस नंबर लिहायला विसरू नका, नाहीतर तुमचं पत्र एका टेबलावर आणि नोटीस दुसऱ्या टेबलावर फिरत राहील.